सटवाचा उजवा हात

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," चेअरमन भगवानराव म्हणाले, आणि पारावरच्या सगळ्या माना सटवाच्या उजव्या हाताकडे वळल्या.

हात वर गेला नाही.

सटवाला मुद्दाम पुढे, भगवानरावांच्या शेजारी बसवलं होतं. पहिला हात त्याचाच वर जायचा होता. डोक्याला रुमालाखाली पट्टा, दंडाला यांत्रिक हात. मनात आणलं की कोपर वाकायचं, मूठ मिटायची. कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये सटवाचा हात गेला, तेव्हा भगवानरावांनीच पुण्याच्या इंजिनिअरला गाठून हा हात चाचणीसाठी म्हणून गावात आणला. पेपरात फोटो आला. त्यात सटवा अर्धा आणि भगवानराव पूर्ण दिसत होते.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्यामुळे सटवाचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

ठराव साधा होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष. सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या विहिरीतच काय ते पाणी उरलं होतं. ते पाऊस पडेपर्यंत सभासदांच्या उसाला द्यायचं आणि जनावरांचा हौद बंद करायचा. सभासद गावभर होते, ऊस मात्र एकट्या भगवानरावांचा उभा होता. हौद बंद झाला असता तर सटवाची मेंढरं तडफडून मेली असती. पण बोलणार कोण? टँकर कुणाच्या आळीत आधी जायचा, हेसुद्धा भगवानरावच ठरवायचे.

"सटवा, कर की वर," भगवानराव हसत म्हणाले.

"करतोय मालक. मनात तेच घोकतोय. ह्यो ऐकंना."

बायकांत बसलेल्या साखराबाईनं, सटवाच्या बायकोनं, पदर पुढे ओढला. हात आडमुठा आहे, हे नवऱ्याकडून ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. कप धरला तर सोडत नाही, तंबाखू मळायला घेतली तर हलत नाही. सटवा हे भेटेल त्याला सांगत सुटायचा. बॅटरी उतरली तर बघायलाच नको. हात सरळ होऊन ताठ राहायचा. मग सटवा तोच काठीसारखा खांद्यावरून उचलून मेंढरं वळायचा. आज सभेचा चहाही त्यानं डाव्या हातानं घेतला, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. निदान चारचौघांत सांडासांड नको.

मागून काही हात वर झाले, तेही अवघडून.

"ठीक आहे. विरोधात कुणी?" भगवानरावांनी विचारायचं म्हणून विचारलं.

सटवाचा हात वर गेला.

सरळ, ताठ, पंजा उघडा.

"अरे, खाली घे बे!"

"जाईना मालक! धरा कुनीतरी!" सटवा डाव्या हातानं उजवा ओढत होता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात ताराबाई उठली. तिच्या दोन शेळ्या त्याच हौदावर जगत होत्या. तिनं हात वर केला.

"मशीनला कळतंय, मंग आमाला कावून कळू न्हाई?"

तिच्यामागे एक हात वर गेला, मग दुसरा. मघाशी बाजूने हात केलेल्यांनीही आता विरोधात केला. कोण कशाच्या बाजूने आहे, हे सेक्रेटरीला समजेना, पण ठराव पडला एवढं आंधळ्यालाही दिसत होतं.

भगवानरावांनी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा केला.

"पट्टा मनातलंच वाचतो," इंजिनिअर म्हणाला. "पण घाम आला की कधी कधी चुकतो."

भगवानराव सटवाकडे बघत राहिले.

"घाम होता का मन होतं रे?"

"तुमच्या पायाची आण मालक. मनात तुमचंच नाव व्हतं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. साखराबाईचाही काही केल्या मेळ बसेना. हात चुकला म्हणावं, तर नेमका मेंढरांच्या बाजूने कसा चुकला? आणि बरोबर म्हणावं, तर नवरा खोटी आण कशी घेतो?

"उद्या गाडी येईल," भगवानराव म्हणाले. "हात खोक्यात घालून दे. असला हात गावात नको."

घरी आल्यावर सटवानं पट्टा काढला, हात सोडून खाटेवर ठेवला आणि काठी उचलली. मेंढरं हौदावर न्यायची होती.

"आवो, खरं सांगा," साखराबाई दारात आडवी आली. "काय व्हतं तुमच्या मनात?"

"ते त्या पट्ट्याला इचार."

"हसता काय? हात दाखवून अवलक्षण केलं तुमी! आता उभ्या जल्मात दुसरा हात मिळंल का?"

डाव्या हातानं मेंढरं वळत सटवा निघून गेला.

साखराबाई खाटेवर बसली आणि पोटभर रडली. हात आला त्या दिवशी सटवानं कितीतरी महिन्यांनी दोन्ही हातांनी भाकरी मोडली होती. भाकरीचे तुकडे झाले, कालवण अंगावर सांडलं, आणि दोघंही हसत सुटली होती. आता पुन्हा तिनंच मोडून द्यायची. त्या मुकाट पडलेल्या हाताचा तिला रागही आला आणि मायाही वाटली.

शेवटी डोळे पुसून तिनं खोकं काढलं. पट्टा घातला, वायरी गुंडाळून घातल्या. बॅटरी वेगळी ठेवायची, असं इंजिनिअरनं बजावलं होतं. म्हणून तिनं दंडावरचं झाकण उघडलं.

आतला कप्पा रिकामा होता.

तिनं खाटेवर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, मग आत गेली. पिठाच्या डब्याशेजारी चार्जरचा हिरवा दिवा लागला होता. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी सटवानं लावलेली बॅटरी अजून तिथंच होती.