खडकामागच्या काचा

"मागच्या काचा कुठे गेल्या?"

चित्रा दारातच थबकली. पायातली चप्पलही तिने काढली नव्हती. सौदीतल्या धाहरानच्या तेल-कंपनीच्या कॅम्पमधलं घर, कायमचं पुण्याला परतायचं म्हणून, निम्मं खोक्यांत गेलं होतं आणि विजयकुमार तिचं काचचित्र टेबलावर पालथं घालून बसले होते. हातात पक्कड. बाजूला वर्तमानपत्रावर निळ्या, तपकिरी, जांभळ्या काचांची चळत.

"काढल्या," ते म्हणाले.

"वजन होत होतं म्हणून? आणि तो तुमचा फ्रीज काय, कापसाचा आहे?"

त्यांनी पक्कड पुसून खोक्यात टाकली. त्याने ती आणखी भडकली. उभा जन्म एका घरात काढला आणि या माणसाला ला फार्ज कळला नाही! लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला नोकरीची परवानगी नव्हती. कॅम्पबाहेर गाडी चालवायची नव्हती. तेव्हा लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात तिला हा ला फार्ज भेटला. केव्हाच वारलेला अमेरिकन चित्रकार. काचेवर रंग फासण्यापेक्षा काचेतूनच रंग काढणारा. दुधी काच खिडकीत आणणारा. एका काचेत छटा साधली नाही, तर तो तिच्यामागे दुसरी लावायचा, तिच्यामागे तिसरी. पुढे त्या काचेसाठी जगाने दुसऱ्याचंच नाव घेतलं, म्हणून चित्रा त्याच्या वतीनेही चिडलेली असायची.

"त्याच्या खिडकीला असा हात लावला असतात ना, तर पक्कडच घातली असती त्याने तुमच्या डोक्यात!"

चित्र हाफमून बे या जवळच्या किनाऱ्याचं होतं. समुद्र, वाळू आणि कडेला काळाभोर खडक. त्या खडकासमोर पाहुणे खुर्ची ओढून बसायचे. एवढा काळोख काचेत आणलात कसा, विचारायचे. लोक त्याला खडक म्हणत. चित्राने कधी कुणाचं म्हणणं खोडलं नाही.

त्यामागची पहिली काच तिने लावली ती अमोघचा कॅनडाहून फोन आला त्या दिवशी. लेकाने न सांगता लग्न केलं होतं, शेजारच्या हफीजाच्या मुलीशी, आलिमाशी. चित्राने फोन ठेवला तो ठेवलाच. मग दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. विजयकुमार बोलायचे आणि ती आतल्या खोलीत जाऊन आणखी एक काच बसवायची.

विजयकुमारांनी चित्र उचललं आणि खिडकीला उभं केलं.

"पुण्याच्या विमानतळावर अमोघ-आलिमा येणार आहेत, आपल्या नातीला घेऊन. हा खडक घेऊन मी त्यांच्यापुढे जायचा नाही. ओरड आता वाटेल तेवढं."

सकाळचं ऊन काचेतून आत आलं. खडक नव्हताच. तिथे पिवळ्या सदऱ्यातला एक लहान मुलगा पाण्यात पाय सोडून पाठमोरा बसला होता. सदऱ्याचा पिवळा उजेड फरशीवरून थेट चित्राच्या पावलांवर आला.

सामान बांधायला आलेला यूनुस चळतीपाशी वाकला. "मॅडम, ये काच भी पॅक करूँ?"

चित्राचा चेहरा अजून तापलेलाच होता.

"वो खलास," ती खेकसली. "पहले मेरे बेटे को उठाओ. सँभाल के."