वरच्या कडेचे ठिपके

माझ्या नातीला, मोहिनीला घेऊन मी द्वारका चौकाजवळच्या गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. ती डावखुरी आहे. तिने गिटार उलटी धरली की तिच्या दांड्याच्या कडेवरचे, बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारे ठिपके खाली जातात, दिसत नाहीत. “वरच्या कडेवर शिंपल्याचे नवे ठिपके बसवून द्या,” मी त्याला म्हणाले. तो हसला. “आजी, त्यापेक्षा पोरीचा हातच बदला ना! उजव्याने शिकेल की.” मोहिनीने डावा हात पाठीमागे नेला. पहिलीत गुरुजी माझा डावा हात फडक्याने कमरेला बांधायचे. तेव्हापासून सत्तर वर्षं मी उजव्यानेच लिहीत आले. “हात बदलणार नाही,” मी म्हणाले. “ठिपके बसवा.” “अन् उद्या गिटार विकायची झाली, तर डावखुरं गिऱ्हाईक कुठून आणाल?” मी त्याच्या कानामागची पेन्सिल डाव्या हाताने उचलली आणि वाकडीतिकडी का होईना, पहिल्या ठिपक्याची खूण केली. “शोधायचं कशाला? हे काय, समोर उभं आहे.”