अर्धाच तास

“अर्धाच तास, आब्ला,” तहसीन म्हणाला आणि त्यानं वॉकीटॉकीचं बटण सोडलं.

खालून, भूकंपात पडलेल्या सहा मजल्यांच्या पोटातून, मुकद्देसचं हसणं खरखरत वर आलं. “तुम्हा पुरुषांचा अर्धा तास मी चांगला ओळखून आहे. आमचे हे अर्ध्या तासासाठी म्हणून चहाच्या दुकानात जायचे, ते जेवणं आटोपल्यावर उगवायचे!”

कालपासून तो तिला अर्धाच तास सांगत होता. मुठीएवढ्या भोकातून दोरीला बांधून दुसरा सेट त्यानंच खाली सोडला होता. दोघांपुरती वेगळी वाहिनी लावली होती, वरचा आरडाओरडा तिच्या कानावर जायला नको म्हणून. सेट वापरायचा कसा तेही त्यानंच शिकवलं. बोलताना बटण दाबायचं, बोलून झालं की सोडायचं. एकानं दाबून धरलं, तर दुसऱ्यानं कितीही ओरडावं, पोचत नाही. ती त्याच्या आईच्या वयाची. पण पहिल्याच बोलण्यात तिनं त्याला दटावलं होतं, “मावशी काय म्हणतोस रे? आब्ला म्हण. थोरली बहीण समज.”

थोरल्या बहिणीच्या दोन्ही पायांवर तुळई पडली होती. जॅक लावून ती उचलावी, तर तिच्यावर तोललेला अख्खा जिना खाली येणार. मोठ्या क्रेनशिवाय काम होणार नव्हतं, आणि क्रेन खचलेल्या रस्त्यापलीकडे अडकली होती. उद्या येईल, परवा येईल, कुणालाच सांगता येत नव्हतं. तहसीन तुर्कस्तानातल्या झोंगुलदाकच्या कोळशाच्या खाणीतला, सोबत्यांबरोबर मदतीला आलेला. जमिनीखाली अडकलेल्याला धीर द्यायचा, हिशेब द्यायचा नाही, एवढं तो तिथेच शिकला होता.

थंडी अशी होती की बॅटऱ्या बघता बघता बसत. म्हणून सगळे खाणवाले सेट जाकिटाच्या आत, छातीशी धरून ठेवत. त्यानंही ठेवला, वरून सुरक्षेचा कमरेखांद्याचा पट्टा आवळला आणि एका उखडलेल्या दारावर तो पाय पोटाशी घेऊन बसला. इल्हामीनं त्याच्या हातात मसुरीच्या सुपाचा पेला दिला. दोघं एकाच पाळीतले, वीस वर्षांचे सोबती.

“शेजारच्या इमारतीतून ठकठक येतेय,” इल्हामी म्हणाला. “सगळी यंत्रं बंद करवली, श्वास रोखून ऐकलं. दोघं तरी आहेत. एक स्लॅब कापला की बाहेर येतील. पण कटर तुझ्याकडे, माणसंही तुझ्याकडे.”

“घेऊन जा.”

“आणि तुझी आब्ला?”

तहसीननं सुपावर फुंकर मारली. दोन दिवस पाठ टेकली नव्हती. गोड बोलून बोलून त्याच्या तोंडाची चव गेली होती, आणि आता समोर आपला माणूस होता, ज्याच्याशी गोड बोलायची गरज नव्हती.

“कसली आब्ला!” तो म्हणाला. “तिचं काही खरं नाही. क्रेन येईपर्यंत ती टिकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. म्हातारीची नुसती बडबड ऐकत बसलोय. तिचा तो नवरा आणि त्याचा तो चहा! कान किटले माझे.”

“हळू बोल.”

“इथे कोण ऐकतंय?”

तहसीननं सूप संपवलं, उठून पट्टा सैल केला आणि छातीशी हात घातला. सेट गरम लागला. बाहेर काढला तर तांबडा दिवा जळत होता. पट्ट्याचं बक्कल बटणात रुतून बसलं होतं. तो बसल्यापासून बटण दाबलेलंच होतं. शब्द न् शब्द खाली गेला होता.

त्याचे कान तापले. लाज वाटली की माणसं म्हणतात, धरणीमाते, पोटात घे. इथे तेवढंही म्हणायची सोय नव्हती. त्याला इल्हामीकडे बघवेना, भोकाकडे तर मुळीच बघवेना. मरणाचं बोललो ते एक वेळ खरं तरी होतं. पण कान किटले? अंधारात एकटी पडलेली बाई आपल्या माणसाची आठवण काढते, आणि आपले कान किटतात?

त्यानं बक्कल ओढून काढलं. दिवा विझला. आता ती बोलू शकत होती. ती बोलली नाही.

तो थांबला. ती रडली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. शेवटी त्यानंच बटण दाबलं.

“आब्ला... मघाशी तुला काही ऐकू आलं का?”

सेट खरखरला.

“नाही रे,” ती म्हणाली. “सेटच बिघडला होता वाटतं. का? काही म्हणत होतास?”

तहसीनचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडला याचीच त्याला अधिक लाज वाटली. खरं सांगून टाकावं, माफी मागावी, असं त्याच्या मनात आलं. जिभेवर मात्र नेहमीचंच आलं.

“काही नाही, आब्ला. अर्धाच तास राहिलाय, एवढंच.”

“मला घाई नाही, लेका,” मुकद्देस म्हणाली. “तू आधी त्या शेजारच्या दोघांना काढ. अर्ध्या तासाचंच तर काम आहे.”