लालीबाईचं रडणं

लालीबाईने डॉक्टरांना पाहिलं, डोक्यावरचा सरपणाचा भारा धाडकन खाली टाकला आणि त्यांच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

पोटाचे डॉक्टर दोन्ही हात बाजूला धरून तसेच उभे राहिले. डॉ. मधुसूदन पांढरीपांडे म्हणजे यवतमाळच्या नामांकित वकिलांचे चिरंजीव. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ते जठराच्या कॅन्सरची ऑपरेशनं करायचे, त्यावर संशोधनही करायचे. रक्ताला ते डगमगत नसत. पण भर दुपारी, अख्ख्या तांड्यासमोर गळ्यात पडलेल्या बाईचं करायचं काय, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बाई सुरात रडत होती. एक लांब ओळ, मग हुंदका, मग पुन्हा ओळ. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. 'डागदर' आणि 'पेट' एवढे दोन शब्द मात्र कळले, आणि तेवढे पुरले. म्हणजे तिचा नवरा रूपसिंग गेला होता.

तो जगला की नाही, हेच विचारायला ते महागावला एस.टी.तून उतरून तांड्यापर्यंत पायपीट करत आले होते. एकसष्ट साली त्यांनी रूपसिंगचं अर्ध्याहून जास्त जठर गाठीसकट कापून काढलं होतं. 'सहा महिन्यांनी दाखवायला ये,' असं बजावून घरी पाठवलं होतं. रूपसिंगने मान डोलावली आणि तीन वर्षं झाली तरी फिरकला नाही. तसंच ऑपरेशन झालेला ढाणकीचा व्यापारी फिरकला नाही, लोहाऱ्याची म्हातारी फिरकली नाही. 'पोटाच्या कॅन्सरचा जो परत आला नाही, तो गेला असं धरायचं,' असं त्यांचे वरिष्ठ सांगत. त्या हिशेबाने मधुसूदनरावांचं संशोधन म्हणजे स्मशानच झालं होतं.

"अहो, हर्नियाचे पेशंट जगतात, वर दिवाळीला फराळही पाठवतात," पत्नी सुहासिनी म्हणायची. "तेच करा ना!"

डॉक्टरांना ते जवळजवळ पटलं होतं. फक्त रूपसिंगपाशी जीव अडकला होता. तितकं निर्दोष ऑपरेशन त्यांच्या हातून ना आधी झालं होतं, ना नंतर. तोच जगला नसेल तर आपण यापुढे कोणाच्याच जठराला सुरी लावायची नाही, असं ठरवून ते घरातून निघाले होते.

लालीबाईचा आवाज ऐकून तिच्या जावा, सोनीबाई आणि सुखीबाई, धावत आल्या आणि त्यांनीही गळे काढले. डॉक्टरांचा सदरा खांद्यावर ओला झाला. तिघींच्या केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या त्यांच्या कानाशी रुणझुणत होत्या. पुरुष मंडळी पटके सावरत जमली, पण एकानेही बायकांना आवरलं नाही. उलट कोणीतरी खाट आणली, तिच्यावर नवी गोधडी अंथरली आणि डॉक्टरांना बसवलं. ज्याच्या हातून घरचा माणूस गेला त्याला हे लोक गोधडीवर बसवताहेत, या विचाराने डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माफ करा," ते कसेबसे म्हणाले. "माझ्याकडून होईल ते सगळं मी केलं होतं. यापुढे मी हे ऑपरेशन कोणाचंच करणार नाही."

रडणं तिथल्या तिथे थांबलं. लालीबाईने ओढणीने डोळे पुसले.

"काहून जी? हात दुखून राह्यला काय तुमचा?"

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस बोकडाला ओढत आला. बोकड यायला तयार नव्हता आणि माणूस सोडायला. "बसा, डागदरसाब, बसा! आज जेवल्याबिगर जाऊ देत नाही!" तो रूपसिंग होता.

डॉक्टर खाटेवरून ताडकन उठले. "तू जिवंत आहेस?"

"मंग? कापूस वेचाचा राह्यला हाय. मराले सवड कुठी हाय?"

"अरे, मग दाखवायला का आला नाहीस?"

रूपसिंगला तो प्रश्नच कळेना. "दवाखान्यात बिमार मानूस जाते जी. मले काई झालंच नाही, त मी कायले येऊ?"

डॉक्टर पुन्हा खाटेवर बसले. इतक्या वर्षांत हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नव्हता. ढाणकीचा व्यापारी कदाचित मजेत कापूस तोलत बसला असेल. लोहाऱ्याची म्हातारी सुनेशी भांडत असेल. न येणाऱ्यांत गेलेले किती आणि ठणठणीत किती, हे नागपुरात बसून कळणारच नव्हतं. उद्या ढाणकी गाठायची, परवा लोहारा, आणि सुट्टी संपली की पुन्हा सुरी हातात घ्यायची, हे त्यांनी तिथेच ठरवलं. इतका आनंद त्यांना परीक्षेत पहिले आले तेव्हाही झाला नव्हता.

मग एकदम आठवण झाली. "पण मग ही बाई रडत कशाला होती?"

रूपसिंग खो खो हसला. "तुमाले वाटलं, माह्यासाठी? नवरा मेल्यावर बाई डोक्यात घुगऱ्या ठेवते काय? आमच्यात घरचा मानूस लई दिवसानं भेटला का बाया अशाच रडतेत. परक्यासाठी नाही रडत. आपरेशनच्या दिशी तुमी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात लालीच्या हातची भाकर खाल्ली होती ना? तवाच तुमी तिचे भाऊ झाले. भाऊ इतके दिवस बहिणीले इसरला, म्हनून गाऱ्हानं सांगून राह्यली होती."

लालीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "अन् भावानंबी रडावं लागते," ती म्हणाली. "तुमी त नुसते खांबावानी उभे होते!"

डॉक्टरांचे डोळे केव्हाचेच भरले होते. तिने पुन्हा गळ्यात हात टाकले आणि नागपूरचे नावाजलेले सर्जन अख्ख्या तांड्यासमोर मोठमोठ्याने, मनसोक्त रडले.

लालीबाईने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "माह्या भावाले सूर नाही, पन माया लई हाय. कापा आता तो बोकड."