वेक्सकम घराण्याचा वारस

"बाबांना पुरून आल्यावर सांगतेस हे?" अँब्रोजने विचारलं.

लेडी मिलिसंट काळ्या पोशाखात आखडून बसल्या होत्या. "तू आठ महिन्यांचा असताना आमचं लग्न लागलं. परदेशात. इथे कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेल्याला बापाच्या वारशाने 'सर' होता येत नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. अँब्रोजला ना भाऊ, ना काका. म्हणजे तीनशे वर्षांची पदवी सकाळीच त्याच्या वडिलांबरोबर, सर गॉडफ्रींबरोबर मातीत गेली होती आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

"मग खोटा सर म्हणून मिरवू जन्मभर? ते नाही जमणार मला, आई."

"मग सांग सगळ्यांना. मी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ, ते मात्र विचारू नकोस."

बाहेर पायऱ्यांशी कुळं येऊन थांबली होती. सगळ्यात जुन्या कुळाने नव्या धन्याला हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची, ही वेक्सकमची रीत. ओ दिली की तो सर झाला.

दोघं दारात आली. म्हाताऱ्या जोसायाने टोपी काढली. "सर अँब्रोज!"

अँब्रोज एक पायरी खाली उतरला.

"नुसतं अँब्रोज म्हण, जोसाया," तो म्हणाला. "मला नको ती पदवी. असल्या जन्माच्या मोठेपणावर माझा विश्वास नाही."

मग मागून एक बाई ओरडली, "बापाच्या थडग्याची माती वली हाय अजून! लाज न्हाई वाटत?" कुणीतरी पायरीवर थुंकलं. अँब्रोजचे कान लाल झाले. त्याने आईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जोसायाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाईसाहेब, तुमी तरी सांगा ह्याला. तीनशे वर्सांचं नाव बुडवाया निघालंय पोरगं."

सगळे मिलिसंटबाईंकडे बघू लागले. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. चार शब्दांचं काम, आणि पोरगा सुटला असता. त्यांचा जीव तळमळत होता. पण सगळं गाव समोर उभं होतं.

"काय सांगू, जोसाया," त्या म्हणाल्या, "लहानपणापासून हट्टीच आहे तो."