जादूगारणीचा झगा

अक्काच्या नातीला, देवश्रीला, इंदूरच्या वेशभूषास्पर्धेसाठी जादूगारणीचा लोकरी झगा हवा होता. लोकर जितकी लाटावी तितकी आटते, म्हणून अक्कानं ती दुप्पट मापानं पसरली, साबणाचं कढत पाणी शिंपडलं आणि चटईत गुंडाळून कोपरांनी लाटायला घेतली. अमझेऱ्याला तिच्या माहेरी अशीच लोकर लाटून घोड्यांच्या खोगिराखालचे जाड, घट्ट नमदे बनत. पाणी झिरपेनासं होईतो हात थांबवायचा नाही, ही शिकवण. मनगटं भरून आली, ओठांवरची ओवी अर्ध्यावर विरली, तरी हात चालतच राहिले. दुसऱ्या दिवशी वाळलेला झगा देवश्रीनं चढवला, तो खांद्यांवरच अडकला. “अरे यार अक्का, हा तर पूरा सिकुडला! उद्या स्पर्धा आहे!” “घोड्याचाच नमदा केला मी,” अक्का पुटपुटली. देवश्रीनं झगा काढून हळूच अक्कालाच घातला. तिच्या आटलेल्या अंगावर तो नेमका बसला. “तूच हो जादूगारीण. मी तुझी मांजर.” अक्कानं मनगट चोळलं. “तिथं बसायला खुर्ची मिळेल?”