एक तरी जुनं तिकीट

स्टेशन बंद पडून बारा वर्षं झाली, तेव्हा निवृत्त गुरुजींनी 'आमच्या स्टेशनावरचा अन्याय' असा तीस पानी इतिहास लिहिला आणि थेट रेल्वेच्या साहेबांपुढे आपटला. साहेब थंडपणे म्हणाले, "आमच्या नोंदीत शेवटची तीन वर्षं तिथून एकही प्रवासी चढलेला नाही. चढला असेल तर एक जुनं तिकीट दाखवा, गाडी पुन्हा थांबवतो."

गुरुजी घरोघर फिरले. "अहो, रोज जायचो की त्या गाडीनं!" शिंपी छाती फुगवून म्हणाला. तिकिटाचं विचारताच त्याला सुईत दोरा ओवायची घाई झाली. डॉक्टरांना नेमका तेव्हाच पेशंट आठवला.

"फुकटे लेकाचे! यांनीच स्टेशन बुडवलं," गुरुजी घरी येऊन कडाडले. "अगं, माझी ट्रंक बघ. मी रोज त्याच गाडीनं शाळेत जायचो. एखादं तरी तिकीट काढलंच असेल मी!"

बायकोनं ट्रंक तळापर्यंत उपसली आणि एक पिवळा कागद त्यांच्या हातावर ठेवला.

"तिकीट कुठलं, अहो! पण तुम्ही गाडीत होतात याचा पुरावा आहे. विनातिकीट पकडलं होतं ना, त्या दंडाची पावती."